४५ जणांची ऑफसाइट: रिसॉर्ट नंतर शोधा, आधी टाळणाऱ्यांशी बोला

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात ४५ माणसांची कंपनी. साहेबांनी सांगितलंय की जुलैअखेर सगळ्यांना दोन दिवस कुठेतरी बाहेर घेऊन जा, टीम एकत्र यायला हवी. बजेट माणशी साधारण दहा हजार. मागच्या वर्षी लोणावळ्याला गेलात तेव्हा निम्मे डीजेवर नाचले आणि उरलेले खोलीत मोबाइल बघत बसले. यंदा तर तारीख जाहीर होण्याआधीच कुणाच्या मुलाची परीक्षा निघाली आहे, कुणाच्या सासूबाई आजारी आहेत, आणि एकाच्या घरी लग्न आहे. तुम्ही विचारताय की कुठलं रिसॉर्ट घेऊ आणि कुठले खेळ ठेवू.

जुलैअखेर म्हणजे चातुर्मास. त्यात लग्न निघालं असेल तर तो माणूस तुम्हाला काहीतरी सांगतोय. साहेबांनी काढलेल्या सहलीला सरळ ‘मला यायचं नाही’ असं म्हणायची सोय कुठल्याच कंपनीत नसते, म्हणून लोक लग्न काढतात. तुमची खरी अडचण ही आहे, आणि ती रिसॉर्ट बदलून सुटणार नाही. मी आधी भोसरीत एका कारखान्यात एचआर बघायचे, आता बरीच वर्षं कंपन्यांच्या ऑफसाइट आखून देते आणि तिथली सत्रंही घेते. माझी पद्धत अशी की आखणी उत्साही लोकांना धरून करायचीच नाही. जे पंधरा जण नाचणारच आहेत ते मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्येही नाचतील. आखणी करायची ती ज्याला यायचं नाही त्याला समोर ठेवून. तान्हं मूल घरी ठेवून येणारी, इन्सुलिन घेणारे अकाउंट्सचे काका, दोन महिन्यांपूर्वी लागलेला आणि कुणालाच न ओळखणारा मुलगा, दारूच्या टेबलाजवळ अवघडणारे. यांचे दोन दिवस बरे गेले तर बाकीच्यांची काळजी करावी लागत नाही.

पण त्याआधी साहेबांकडे जा. त्यांना विचारा की ही सहल आहे, वर्षभराच्या कामाचं बक्षीस आहे, की कामाची बैठक आहे? बहुतेक जण ‘तिन्ही’ म्हणतात. तिन्ही जमत नाही. बक्षीस असेल तर सकाळी नऊला प्रोजेक्टर लावू नका, लोकांना झोपू द्या आणि शक्य असेल तर घरच्यांनाही बोलवा. सहल असेल तर एक दिवस पुरतो, रात्रीचा मुक्काम कशाला? आणि कामाची बैठक असेल तर ऑफिसात वर्षभर जी गोष्ट निघत नाही ती नेमकी कोणती, हे साहेबांकडून एका वाक्यात काढून घ्या. ‘सेल्स आणि प्रॉडक्शन एकमेकांना मेल टाकतात, बोलत नाहीत’ हे वाक्य चालेल. ‘टीम बाँडिंग’वर मला काहीच आखता येत नाही.

मग सहा-सात जणांशी वेगवेगळं बोला, चहाच्या टपरीवर, मीटिंग रूममध्ये नको. त्यात टाळाटाळ करणारे निम्मे तरी घ्या. ‘काय आवडेल?’ असं विचारलंत तर सगळे ‘गोवा’ म्हणतील. ‘मागच्या वेळी काय नकोसं झालं?’ हे विचारा. उत्तरं फार साधी येतात. खोलीत तिघांना कोंबलं. जेवण साडेदहाला आलं. मॅनेजरसोबत एका खोलीत टाकलं. सहलीत रविवारची सुट्टी गेली ती गेलीच. एखादी बाई हळूच सांगेल की तिची कॉटेज शेवटच्या टोकाला होती आणि रात्री वाटेवर दिवा नव्हता. या उत्तरांतूनच तुमची यादी तयार होते.

वार कोणता, यावर माझं मत पक्कं आहे: कामाचे दिवस. गुरुवार-शुक्रवार. शनिवार-रविवार नेलंत तर लोकांच्या घरच्या दोन दिवसांवर कंपनीने हात मारला असा त्याचा अर्थ होतो, आणि ते चेहऱ्यावर दिसतं. शिवाय शनिवारी सकाळी अर्धी मुंबई आणि अर्धं पुणं लोणावळ्याच्या रस्त्यावर असतं. मधल्या वारी रिसॉर्टचे दर उतरतात आणि तिथल्या माणसांना तुमच्याकडे बघायला वेळ असतो. अगदी शनिवार-रविवारच करावं लागलं तर बदली सुट्टी आधी जाहीर करा, परत आल्यावर नव्हे.

तारखेसाठी कालनिर्णय उघडा. आषाढी एकादशीला उपवास करणारे बरेच असतात आणि त्या दिवशी दारूबंदीही असते. श्रावण कधी लागतो ते बघा, कारण त्यानंतर मांसाहाराची निम्मी ताटं परत जातात. आषाढातला शेवटचा शनिवार-रविवार, म्हणजे गटारीचा, त्याच्या वाट्याला मुळीच जाऊ नका. प्रत्येक रिसॉर्ट भरलेलं असतं, शेजारच्या लॉनवर दुसऱ्या कंपनीचा डीजे असतो, आणि तुमच्या सत्रात कुणाचंच काही ऐकू येत नाही.

जागेचं बरंचसं पावसावर अवलंबून आहे. जुलैअखेर आमच्याकडे पाऊस ऐन भरात असतो, हे विसरून लोक फोटोतला स्विमिंग पूल आणि हिरवळ बघून बुकिंग करतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टचा. तुम्ही पसरणी घाट चढून जाल आणि दोन दिवस धुक्यात खोलीत बसाल. कोकणात समुद्र खवळलेला असतो, पाण्यात उतरता येत नाही. गोवा पुण्याहून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे; बसने गेलात तर जायला एक आणि यायला एक, असे दोन्ही दिवस रस्त्यातच संपले. विमानाने जाण्याएवढं तुमचं बजेट नाही. त्यात हॉटेलच्या खोल्यांवरचा जीएसटी ते हॉटेल ज्या राज्यात असेल त्या राज्याचा लागतो, त्यामुळे पुण्याच्या नोंदणीवर गोव्याच्या बिलाचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. तुमच्या अकाउंट्सच्या काकांना हे सांगितलंत तर ते लगेच तुमच्या बाजूने येतील.

म्हणून माझा नियम असा की बसने अडीच तासांच्या आत. तुमच्यासाठी मुळशी, पवना, कामशेत-कार्ला, पानशेत, नाहीतर भोर-वाई. एमटीडीसीची कार्ल्याला आणि पानशेतला निवासस्थानं आहेत, तीही विचारून बघा. मुळशीकडे जायचं तर चांदणी चौक ते पिरंगुट या पट्ट्यात सकाळी अडकायला होतं. सातला बस हलली पाहिजे, आणि सातला हलवायची तर लोकांना साडेसहा सांगा.

जागा बघायला स्वतः जा आणि भर पावसात जा. खोल्या शेवटी बघा. आधी हॉल. ४५ खुर्च्या गोलात मावतात का? पत्र्याचं छप्पर आहे का? पावसाचा आवाज पत्र्यावर सुरू झाला की माइक असूनही बोलणं थांबतं; अशा हॉलमधून मी परत फिरले आहे. जनरेटर हॉलला जोडलेला आहे का, की फक्त किचनला? मोबाइलला रेंज कुठे येते? घरी लहान मूल किंवा म्हातारे आईवडील असलेल्याला रेंज नसेल तर तो पूर्ण वेळ उठून गेटपाशी जाणार. जवळचं चांगलं हॉस्पिटल किती लांब, आणि रात्री एक गाडी ड्रायव्हरसकट हाताशी राहील का? बसच्या ड्रायव्हरला झोपायला खोली आणि तुमच्याच वेळेला जेवण मिळेल का? हे शेवटचं बहुतेक जण विचारत नाहीत. घाटातून ४५ माणसं परत आणणारा माणूस रात्रभर बसच्या सीटवर आखडून झोपलेला असेल तर बाकीच्या सगळ्या खबरदारीला अर्थ नाही.

धबधबा कार्यक्रमात ठेवू नका. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पावसाळ्यात प्रशासन अशा ठिकाणी मनाईचे आदेश काढतं, ते तारखेच्या आठवड्यात तपासा. कंपनीच्या सहलीत ‘चल रे, काही होत नाही’ म्हणणारा नेहमी सीनियर असतो आणि ऐकणारा ज्युनियर. तो प्रसंगच येऊ देऊ नका.

खोल्या दोघांत एक. बजेट घट्ट असेल तर रात्रीचा डीजे काढा, पण तिघांत एक खोली करू नका. तिसऱ्याला जमिनीवरची गादी मिळते आणि तो तिसरा कायम तुमचा सगळ्यात नवा माणूस असतो. साहेब आणि त्यांच्या हाताखालचा एका खोलीत नको. जोड्या लोकांनाच कळवायला सांगा, ज्यांनी कळवलं नाही त्यांच्या तुम्ही लावा आणि यादी आदल्या दिवशी पाठवा. रिसेप्शनवर किल्ल्या वाटताना जोड्या ठरवायला घेतल्या की तिथेच पहिले रुसवे होतात. बायकांच्या खोल्या मुख्य इमारतीत, जवळजवळ. आणि मुक्काम सक्तीचा करू नका. ज्यांना रात्री घरी जायचंय त्यांच्यासाठी सहाला एक गाडी पुण्याकडे आणि सकाळी परत, एवढी सोय ठेवलीत तर तुमच्या निम्म्या सबबी गळून पडतील. गंमत म्हणजे सोय आहे म्हटल्यावर त्यातले बरेच जण राहतात.

आता मधला भाग. दोन दिवसांत कामाची सत्रं फार तर तीन, प्रत्येक दीड तासाचं. त्याहून जास्त आखलंत तर ते ऑफिसच झालं, फक्त लांबचं. सगळ्यात जड विषय पहिल्या दिवशी सकाळी, डोकी ताजी असताना. दुपारी जेवणानंतर बोलायचं काही ठेवू नका, आणि दुपारच्या ताटात श्रीखंड-पुरी तर अजिबात नको. ती रात्री द्या.

सत्र कसं चालतं ते एकदा जवळून सांगते. चाकणजवळच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत मालकांचं म्हणणं होतं की लोकांना जबाबदारीची जाणीव नाही. आम्ही खुर्च्या गोलात मांडल्या, टेबल काढून टाकली. प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी आणि एकाच रंगाचं पेन. प्रश्न एकच: गेल्या सहा महिन्यांत तुमचा सगळ्यात जास्त वेळ कशात वाया गेला? नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या मीच वाचते, फळ्यावर चिकटवत नाही, कारण छोट्या कंपनीत अक्षर लगेच ओळखलं जातं. चौथी-पाचवी चिठ्ठी निघाली: ‘एकच कोटेशन तीनदा बनवतो. नवा रेट कुणाकडे असतो ते कळत नाही.’ मालक पुढे सरकले, तोंड उघडलं आणि पुन्हा मागे टेकले. आमचं आधीच ठरलं होतं की पहिल्या सत्रात त्यांनी फक्त वहीत लिहायचं. मिनिटभर कुणीच बोललं नाही. मग पर्चेसच्या ताई म्हणाल्या, ‘रेट माझ्याकडे सोमवारीच येतो. पण मला कुणी मागतच नाही.’ सेल्सचा पोरगा म्हणाला, ‘ताई, तुमच्याकडे येतो हेच मला आज कळलं.’ सगळे हसले, आणि त्यानंतर जे बोलणं सुरू झालं ते चहा आला तरी थांबेना. दर सोमवारी अकरा वाजता रेटची शीट ग्रुपवर, एवढा एकच निर्णय झाला. जबाबदारीची जाणीव हा शब्द पुन्हा निघाला नाही.

मालक त्या वेळी बोलले असते तर? त्यांच्याकडे उत्तर होतं, बरोबरही होतं बहुधा. पण वरचा माणूस पहिल्याच तक्रारीला उत्तर देऊ लागला की पुढच्या चिठ्ठ्या ‘सगळं छान आहे’ अशा निघतात. म्हणून साहेबांशी हा करार आधी करा, आणि तो मोडायचा नाही हे स्पष्ट सांगा. ते तयार नसतील तर चिठ्ठ्यांचं सत्र घेऊच नका. त्यापेक्षा निवांत सहल काढलेली बरी.

हे सत्र घ्यायला बाहेरचा माणूस हवा का? मी याच धंद्यात आहे तेव्हा माझं मत थोडं बाजूला ठेवून ऐका: नेहमी नाही. कंपनीत सगळे ज्याच्याशी मोकळे बोलतात असा एखादा जुना माणूस असेल आणि तो भांडणाच्या कुठल्याच बाजूचा नसेल, तर तो पुरतो. तुम्ही स्वतः घेऊ नका. एचआरच्या हातात चिठ्ठी द्यायला लोक कचरतात, त्यात तुमचा दोष नाही.

खेळांबद्दल थोडक्यात. डोळे बांधून मागे पडायचं, जोडीने फुगा फोडायचा, पाय बांधून पळायचं, हे सगळं वगळा. अंगाला अंग लागणारे खेळ अर्ध्या लोकांना नको असतात आणि तसं म्हणायची हिंमत कुणाला नसते. बॉक्स क्रिकेटमध्ये बारा जण खेळतात आणि ३३ जण बाकावर बसतात. अंताक्षरी आणि हाउजी यांना लोक नाकं मुरडतात, पण शिपायापासून डायरेक्टरपर्यंत सगळे खेळतात असे हे दोनच प्रकार मला माहीत आहेत. आणखी एक हमखास चालतं: विभाग मिसळून सहा-सहाचे गट करायचे आणि प्रत्येक गटाने भेळ किंवा मिसळ बनवायची. कांदा कोण चिरतो, तिखट किती यावर जी वादावादी होते ती बघण्यासारखी असते, आणि एरवी मीटिंगमध्ये एक शब्द न बोलणारी बाई तिथे सरळ सूत्रं हातात घेते. शिवाय ते पावसात छपराखालीही होतं. ज्याला खेळायचं नाही त्याला गुण लिहायला बसवा. काहीच न करता खोलीत पडून राहायचं असेल तर तेही चालेल, असं माइकवर एकदा सांगून टाका.

दारूचं आधीच ठरवा, गेटवर नको. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ वर्षं आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, पिणाऱ्याला परवानाही लागतो. तुमच्याकडचे नुकते इंजिनीअर झालेले २२-२३ चे असतील, त्यांना कंपनीच्या पैशाने व्हिस्की देणं हे कायद्यातही बसत नाही. माझा सल्ला: कंपनीने दारूचा खर्च करू नये. ज्याला घ्यायची तो स्वतःच्या पैशाने, रिसॉर्टच्या बारमध्ये बसून घेईल. आणि जेवण साडेआठला म्हणजे साडेआठला लागेल, कुणासाठीही थांबणार नाही. हे दोन नियम पाळले तर रात्रीचे निम्मे तंटे उरत नाहीत. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, तेव्हा गाणीबजावणी त्याआधी.

एक गोष्ट बसमध्ये बसण्याआधी सगळ्यांना कळली पाहिजे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा रिसॉर्टवरही लागू आहे आणि कंपनीने केलेल्या बसमध्येही. कामानिमित्त जाल ती जागा आणि मालकाने दिलेलं वाहन त्यात येतं. दहा किंवा जास्त माणसं म्हणजे तुमच्याकडे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असायलाच हवी. तिच्यातल्या दोन सदस्यांची नावं आणि नंबर कार्यक्रमपत्रिकेवर छापा. दोन ओळींचं काम आहे. ज्या बायका ‘बघते, घरी विचारते’ म्हणत होत्या, त्यातल्या काहींना या दोन ओळींनी फरक पडतो.

पैशांचं गणित. साडेचार लाखांपैकी दहा टक्के बाजूला काढून त्यांना हातच लावू नका. पंक्चर, औषधं, वाढीव खोली यात ते जातात. उरलेल्यात मोठा भाग राहणं-जेवण, मग बस, मग बाकी सगळं. रिसॉर्टचा ‘पॅकेज’ दर ऐकलात की तीन गोष्टी लेखी घ्या: कर धरून किती, हॉलचं भाडं आत की वेगळं, आणि पावसामुळे रस्ता बंद झाला तर ॲडव्हान्सचं काय. खोल्यांवर सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या साडेसात हजारांपर्यंतच्या भाड्याला ५ टक्के आणि त्याहून जास्त भाड्याला १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे स्वस्तातली खोली दोन्हीकडून स्वस्त पडते. छापील टीशर्टवर खर्च करायचा मोह होईल. मी तो खर्च कायम कापते आणि त्या पैशांत सकाळचा नाश्ता चांगला करते.

परत आल्यावर काय, ते निघण्याआधी ठरवा. दोन दिवसांतून तीनच निर्णय बाहेर काढायचे, प्रत्येकावर एक नाव आणि एक तारीख. शुक्रवारी संध्याकाळी बसमध्येच ते ग्रुपवर टाका आणि मगच फोटो. फोटो टाकण्याआधी ज्यांचे आहेत त्यांना विचारा, विशेषतः पावसात भिजलेले आणि नाचतानाचे. महिन्याने त्या तीन निर्णयांचं काय झालं हे साहेबांनी स्वतः सांगायचं. हे झालं नाही तर पुढच्या वर्षी लग्नांची संख्या वाढेल.

तुमच्याबद्दल काही गोष्टी मला माहीत नाहीत आणि उत्तर त्यावर बदलेल. पंचेचाळीसमध्ये बायका किती? शॉपफ्लोअरवर शिफ्ट चालू ठेवावी लागते का, म्हणजे सगळे एकदम येऊच शकत नाहीत असं आहे का? तसं असेल तर दोन तुकड्या कराव्या लागतील आणि साहेबांना दोन्हीकडे पूर्ण वेळ थांबावं लागेल. गेल्या वर्षभरात कुणाला काढलंय का, पगारवाढ अडकली आहे का? अडकली असेल तर ऑफसाइट आधी आणि पगारवाढीचं पत्र नंतर असं करू नका. बसमध्ये दुसरा विषयच निघणार नाही. आणि साहेबांनी ते एक वाक्य काय सांगितलं, तेही कळवा. मग मुळशी की वाई हे मी नावानिशी सांगू शकेन.